डावा कौल

आमच्या घरी प्रश्नांना कधी तोटा नव्हता. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, सकाळी डोळे उघडल्यापासून काही ना काही पडलेलं असायचं. पालीची शेपटी तुटून वळवळते तेव्हा तिच्यात जीव कुणाचा, पालीचा की शेपटीचा स्वतःचा? दिघीच्या खाडीतून ओहोटीला एवढं पाणी निघून जातं ते जाऊन उभं कुठं राहतं? पृथ्वी फिरते म्हणतात, तर आमच्या वाडीतली सुपारी सुटली की आमच्याच बुंध्याशी का पडते, शेजाऱ्यांच्या वाडीत का नाही? मी ताट वाढून बसलेली, भात निवतो आहे, आणि हे पाटावर बसून विचारताहेत, "कुमुद, दोघांनी एकाच वेळी गाऱ्हाणं घातलं तर देवी आधी कुणाचं ऐकत असेल?"

मी म्हणायची, "जो आधी जेवेल त्याचं."

मग हसायचे. हसणं छान होतं त्यांचं, त्यापुढे माझा राग टिकत नसे. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. कॉलेजात एक वर्ष काढून आलेले अण्णा, दर महिन्याला टपालानं मासिक मागवणारे अण्णा. गावाला त्याचं कौतुक होतं. मला सांगाल तर थोडं कौतुक आणि बराच वैताग.

मला स्वतःला असे प्रश्न कधी पडले नाहीत. देवी आहे, ती बघते, विचारलं तर सांगते, एवढं मला पुरत होतं. आमच्याकडे मोठं काहीही करायचं तर गावदेवीला कौल लावायचा. रावजी गुरव देवीच्या काळ्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे हात जोडून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. विहीर कुठं खणायची, मुलगी कुठल्या घरी द्यायची, सगळं असंच ठरत आलेलं.

मिठाचा सत्याग्रह होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. भातकापणीच्या दिवसांत आमच्या सुचित्राचा कान दुखायला लागला. नऊ वर्षांची पोर. कान तिचा पूर्वीही वाहायचा, लसणीचं तेल घातलं की बरं वाटायचं. ह्या वेळी कानामागे गळू आल्यासारखी सूज आली, कान पुढे ढकलला गेला आणि तापानं अंग भाजायला लागलं. म्हसळ्याहून डॉक्टर आणले. त्यांनी सुजेवर नुसतं बोट टेकवलं तर सुची अशी किंचाळली की रहाट थांबवून भागोजी गडी पडवीत आला.

डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "कानामागच्या हाडात पू झालाय. मुंबईला न्या, हाड उघडून काढावा लागेल. मेंदूकडे सरकला तर मग कुणाच्याच हातात काही नाही. वेळ काढू नका."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "हाड उघडायचं म्हणजे पोरीचं डोकंच फोडायचं की रे! आईला विचारल्याशिवाय मी तिला उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, विचारू या. मला खातरी होती. तीही आई आहे, नाही कशाला म्हणेल?

तिन्हीसांजेच्या आत देवळात गेलो. रावजीनं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. "हे आई, ह्या लेकराला मुंबैस न्यायचा म्हणतत, नेऊ का नको, तुझा काय तो हुकूम दे." मी उजवीकडच्या पाकळीवरून डोळा हलवला नाही. ती तिथंच राहिली. डावीकडची हलली, घसरली आणि खाली पडली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. रावजी हळूच म्हणाला, "डावा दिल्यान."

परतताना हे माझ्या शेजारी चालत होते. "पाकळी ओलाव्यानं चिकटते कुमुद. वाळली की सुटते. डावी बाजू दाराकडे आहे, तिथं वारा लागतो. देवीचा ह्यात संबंध काय?"

"मग उद्या पहाटे निघायचं?"

"थांब जरा," हे म्हणाले. "मला एकदा बघू दे."

हे काय बघणार होते ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. विहिरीजवळ फणसाला टेकवून कोपरा फुटलेला जुना पाटा उभा केला होता, आणि हे त्याच्यापुढे उकिडवे बसून तगरीच्या पाकळ्या चिकटवत होते. दोन उजवीकडे, दोन डावीकडे. पडल्या की पुन्हा नव्या. घरात पोर तळमळत होती. मी तिच्या कपाळावरच्या घड्या बदलत होते, ती "आई, कानात कोण ठोकतंय?" म्हणून रडत होती, आणि तिचा बाप पाटा भिजवत होता. मी दोनदा मागच्या दारी गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझा आवाज चढलेलाच होता.

"झालं का बघून?"

"हे बघ," हे उत्साहानं म्हणाले, "दोन्हीकडच्या साधारण सारख्याच सुटतात. कधी ही आधी, कधी ती. म्हणजे ह्यात हुकूमबिकूम काही नाही."

"मग भागोजीला गाडी जुंपायला सांगू?"

हे थांबले. हातातली पाकळी बोटांत चुरगळली. "पण कुमुद, हा पाटा आहे. पाट्यावर काही नाही म्हणून देवळातही काही नाही, असं कसं म्हणता येईल? उद्या वाऱ्याच्या बाजूनं ठेवून बघतो."

पाटा उचलून विहिरीत टाकावा आणि त्यामागोमाग ह्यांनाही, असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण नवरा हो म्हटल्याशिवाय आणि सासू नाही म्हणत असताना पोरीला घेऊन मुंबईला जायचं, हे माझ्याच्यानं होईना. आणि डावा कौल माझ्या डोळ्यांनी मी बघितला होता. मला काही वाऱ्याचा आधार नव्हता. मी मानत होते ना! सबंध दिवस घरात नुसती फिरत राहिले. चुलीपासून सुचीपर्यंत, सुचीपासून दारापर्यंत. कुठं बसवेना.

दुसऱ्या दिवशी सुजेचा रंग बदलला. सुची रडायची थांबली आणि काहीबाही बरळायला लागली. मी ह्यांना सांगायला धावले. मागच्या दारात पोचते तर ठमाबाई पाट्यापुढे उभी. ठमाबाई आमच्याकडे सुपाऱ्या वेचायला यायची. पाट्याला कुंकू लागलेलं होतं.

"अण्णा, ही कंची देवी वो?"

"अगं ठमाबाई, पाटा आहे तो. फुटका पाटा."

"व्हता पाटा," ठमाबाई म्हणाली. "तुमी काल धरनं फुलं वाहताव त्याला. आता न्हाय तो पाटा." आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आत तिनं हात जोडले. "आये, सुचीताईला गुण येल का न्हाय, सांग बाय."

पाकळ्या लावलेल्याच होत्या. उजवीकडची सुटली.

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते उजळलं. दिवाळीच्या सकाळी पोराचं उजळतं तसं. फुटक्या पाट्यावरून, स्वतः उभ्या केलेल्या, स्वतः भिजवलेल्या पाट्यावरून एक पाकळी पडली, आणि ह्या शिकलेल्या माणसाला हायसं वाटलं! मग हे दोन दिवस काय शोधत होते? खरं काय ते नाहीच. ह्यांना कुणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं. देवी म्हणाली नाही म्हणून पाटा, आणि पाटा उद्या नाही म्हणाला तर आणखी काही. तोवर माझी पोर जाईल.

मी आत गेले, सुचीला गोधडीत गुंडाळली आणि भागोजीला हाक मारली.

सासूबाई आडव्या आल्या. "तुला देव आहे की नाही गो?"

"आहे म्हणूनच पाय कापताहेत," मी म्हटलं आणि त्यांच्या बाजूनं बाहेर पडले.

गाडी देवळावरून गेली तेव्हा मी भागोजीला थांबवलं. खाली उतरले नाही. सुचीचं डोकं मांडीवर होतं. तिथूनच आत बघून म्हटलं, "आई, तू नको म्हणालीस. मी नीट ऐकलं. तरी मी जाते आहे. राग काढायचा तर माझ्यावर काढ." रावजी दारात आला आणि तसाच आत गेला.

दिघीला पोचलो तेव्हा आगबोट खाडीच्या तोंडाशी दिसत होती. होडीत चढताना मागून हाक आली. हे येत होते, पायात वहाण नाही, सदरा उलटा घातलेला. काही न विचारता त्यांनी सुचीला माझ्याकडून घेतलं आणि होडीत बसले. एवढा वेळ मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

आगबोटीच्या डेकवर सुचीला मधे घेऊन आम्ही बसलो. आता सांगते, कारण ह्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुचीच्या पाठचा आम्हाला एक मुलगा होता. हरेश्वर. तीन वर्षांचा होता तेव्हा घटसर्पानं त्याच्या घशात पडदा धरला. तेव्हाही डॉक्टर मुंबईला न्या म्हणाले होते, तेव्हाही कौल लावला, तेव्हाही डावाच आला. आम्ही पाळला. हरी घरीच गेला, माझ्या हातावर. मग सगळे म्हणाले, नेला असतात तर समुद्रात गेला असता, परक्या माणसांत गेला असता. आईला ठाऊक होतं म्हणून तिनं घरचं मरण दिलं. त्या एका बोलण्याला धरून मी उठले, जेवले, पुन्हा माणसांत आले. दुसरं काही धरायला नव्हतंच.

मुंबईत गिरगावात माझा भाऊ रामचंद्र राहायचा. तो आम्हाला थेट इस्पितळात घेऊन गेला. सुचीला आत नेलं आणि दार लागलं. बाहेर बाकावर मी देवीचं नाव घ्यायला गेले तर जीभ अडली. कोणत्या तोंडानं घेणार? हे उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे.

शेवटी सर्जन बाहेर आले. ॲप्रनला रक्त होतं. "वाचली," ते म्हणाले. "त्या कानानं पुढे ऐकू येईल असं वाटत नाही. लवकर आणली असतीत तर कदाचित तोही राहिला असता. पण वाचली."

रामचंद्रानं मोठा श्वास सोडला आणि चहा आणायला निघून गेला. मी भिंतीला टेकून खाली बसले. हे माझ्यापुढे आले, माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"बघितलंस कुमुद? बघितलंस ना? कौल खोटा होता! मी म्हणत नव्हतो? ओलावा, वारा, दुसरं काही नाही!"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझी पोर आत श्वास घेत होती, मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, देवाशपथ झाला होता. पण त्याच्या खालून काहीतरी सुटत चाललं होतं. खोटा. हा खोटा, तर तो?

"आणि हरीचा?" मी विचारलं.

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. आधी त्यांना कळलंच नाही, मग हळूहळू कळलं. हात सैल झाले.

"तेव्हा..." ते म्हणाले. "तेव्हा आपल्याला कुठं ठाऊक होतं?"

"मला नव्हतं. मी आईवर विश्वास ठेवला आणि हरीला घरी ठेवला. पण तुम्ही? तेव्हाही देवळातून परतताना तुम्ही हेच म्हणाला होतात. ओलाव्यानं चिकटते, वाळली की सुटते. मला आठवतंय, मी तुम्हाला गप्प बसवलं होतं." माझा आवाज फार मोठा नव्हता, तरी वळणावरची नर्स थांबून बघायला लागली. "तुम्हाला तेव्हाही ते खोटं वाटत होतं. मग तुम्ही का नाही नेलंत माझ्या हरीला?"

हे बाकाची कड हातानं चाचपून बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. आत सुचीला शुद्ध येत होती, ती कण्हत कण्हत पाणी मागत होती. मी भिंतीला धरून उठले आणि तिच्याकडे गेले.