दमणच्या जमनेचा अर्ज

तारापूरच्या किनाऱ्यावर जमना बोंबील वाळत घालत होती, तेव्हा चौकीतला हवालदार जोडे हातात घेऊन वाळूतून तिच्याकडे आला. त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, तिचं नाव विचारलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या नावानं कागद आलाय. तुम्ही परदेशी आहात."

जमनेला वाटलं, कुणा भलत्याच बाईचा कागद घेऊन हा आलाय. "मी सुका मांगेल्याची बायको," ती म्हणाली. "ते माडाखालचं घर आमचं."

"घर कुठलं का असेना. माहेर कुठलं?"

"दमण."

"मग बरोबरच आलोय," हवालदार म्हणाला. "पालघरला कचेरीत जाऊन अर्ज भरा. महिन्याच्या आत."

हे एकसष्ट सालच्या मार्चमधलं. जमना लग्न होऊन तारापूरला आली तेव्हा दमणवर पोर्तुगीज फिरंग्यांचं राज्य होतं खरं, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. पहाटे होडी हाकारली आणि वारा बरा असला, की दुपारपर्यंत माहेरच्या खाडीत. तिकडच्या मुली इकडे, इकडच्या तिकडे, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. मग चौपन्न साली वाट बंद झाली. परवाना लागेल म्हणाले. तो कुठं मिळतो ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून जाणंच थांबलं. सात वर्षं तिनं आईचं तोंड पाहिलं नाही. यंदा शिमग्याच्या आधी निरोप आला, आई अंथरुणाला खिळली आहे. सुका म्हणाला, "चल, सोडतो तुला." त्यानं रीतसर काही विचारलं नाही, तिनंही नाही. आई दोन दिवसांनी गेली. जमनेनं बारा दिवस काढले, पारूमावशीनं आईच्या पेटीतल्या चार वस्तू हातात दिल्या, आणि परत येताना इकडच्या खाडीत गस्तीवाल्यांनी होडी अडवली. कुठून आलात म्हणून विचारलं. "माहेरून," जमना म्हणाली. त्याचा हा कागद झाला होता.

चौथ्या दिवशी नवराबायको पालघरला गेली. कचेरीत गुप्ते म्हणून कारकून होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं सावकाश. त्यांनी इंग्रजीत छापलेला लांबलचक कागद काढला.

"भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीस कायम वास्तव्य करू देण्याबाबत," त्यांनी मराठीत सांगितलं. "मी वाचतो, तुम्ही सांगा. भारतात कधी आलात?"

जमनेनं सुकाकडे पाहिलं. सुका म्हणाला, "लग्नाला बारा वर्सं झाली, रावसाहेब."

"एकोणपन्नास. कोणत्या मार्गानं आलात?"

"होडीनं. वरातीबरोबर."

गुप्त्यांनी काय लिहिलं कोण जाणे. "येण्याचा उद्देश?"

"उद्देश म्हंजे?"

"कशासाठी आलात?"

जमनेला हसू आलं, पण गुप्ते खरोखरच उत्तराची वाट पाहत होते. "नांदायला आले," ती म्हणाली.

"पारपत्राचा क्रमांक?" तिला शब्द कळला नाही. गुप्त्यांनी तिथं आडवी रेघ ओढली. "राष्ट्रीयत्व?"

इथं त्यांचाही हात थांबला. सुकानं एवढा वेळ साठवलेलं विचारून टाकलं. "रावसाहेब, सभेत सांगतात, दमण आपलंच हाय. रेडिओवर पण सांगतात. मग ही परकी कशी?"

"दमण आपलंच आहे," गुप्ते म्हणाले. "पण दमणची माणसं सध्या त्यांची आहेत."

"आन पोरं?" जमनेनं घाईनं विचारलं. "माजी दोन पोरं हायत."

"ती इथं जन्मली. ती भारतीय."

"माज्या पोटची असून?"

गुप्त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी नियम केले नाहीत. जन्माचा दाखला आणा. तो जोडल्याशिवाय अर्ज वर जाणार नाही."

दाखला म्हणण्यासारखा एक कागद आईच्या त्या पेटीतून आला होता, तो जमनेनं चोळीतून काढून पुढे केला. पिवळा पडलेला, वर गोल शिक्का आणि खाली बारीक तिरकं अक्षर. गुप्त्यांना तो वाचता येईना. त्यांनीच सुचवलं, की बोईसर स्टेशनात कायतान म्हणून गोव्याचा एक सिग्नलवाला आहे, त्याला पोर्तुगीज येतं. परतताना दोघं बोईसरला उतरली. कायतान पन्नाशीचा, दाढीचे खुंट वाढलेला, स्टेशनामागच्या खोलीत एकटाच राहणारा. त्यानं कागद उजेडात धरला आणि बोट ठेवत ठेवत वाचायला लागला.

"नाव जमना. बापाचं नाव देवू, धंदा मासेमारी. आईचं नाव मंगळी. बरोबर?"

"बरोबर."

"जन्म, तीन नोव्हेंबर एकोणीसशे सव्वीस."

सुका बोटांवर मोजू लागला. "म्हंजे पस्तिशीची? आमी लग्नात वीस धरलेली."

कायताननं ऐकलं नाही. त्याचं बोट कागदाच्या कडेला गेलं होतं. तिथं दुसऱ्या शाईत दोन ओळी उभ्या लिहिल्या होत्या. त्या त्यानं मनात वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि जमनेकडे असं पाहिलं की ती खाटेच्या कडेवरून उठून उभीच राहिली.

"बाय, तुझी कोण बहीण होती?"

"नाय. तीन भाऊ."

"इथं लिहिलंय, ही मुलगी ऑक्टोबर सत्तावीसला वारली. अकरा महिन्यांची."

खोलीबाहेरून मालगाडी गेली. मग जमना म्हणाली, "पुन्यांदा वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. तेच आलं.

घरी येईपर्यंत सुकानं सगळ्या बाजूंनी विचार केला होता. आधीचं मूल गेलं असेल, नंतर झालेल्या हिला तेच नाव ठेवलं असेल, आणि हिची नोंद करायची राहिली असेल. असं होतं. त्याच्या चुलतघरीही झालं होतं. "पन पालघरला फिरंगी कुनाला येतंय?" तो म्हणाला. "नाव तुजं, बापाचं नाव बरोबर, शिक्का हाय. जोडून टाकू."

जमना हो म्हणाली. पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा गुप्त्यांसमोर उभी राहिली. सुकानं कागद टेबलावर ठेवला. गुप्त्यांनी टाचणी काढली.

"नको," जमना म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"तो माजा नाय. माज्या बहिनीचा हाय. ती मेलेली हाय." आणि तिनं कडेच्या ओळींवर बोट ठेवलं.

गुप्त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, हे मी ऐकलं नाही. मला हे वाचता येत नाही. वरच्या साहेबांनाही येत नाही. नीट विचार करा. दाखला नसलेला अर्ज नामंजूर झाला, तर तुम्हाला पलीकडे जावं लागेल. मुलं इकडेच राहतील."

जमनेनं हे ऐकलं. तरी कागद तिनं पुन्हा चोळीत ठेवला. का ठेवला, हे तिला सांगता आलं नसतं. त्या पोरीसाठी आई केव्हातरी रडली असणार आणि आपल्यापाशी कधी बोलली नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्या पोरीचं सगळं असणं-नसणं त्या दोन ओळींत होतं. ते काढून घेऊन आपण सरकारपुढे उभं राहायचं, हे काही तिच्या हातून होईना.

"दाखला नाय म्हनून लिवा," ती म्हणाली.

गुप्त्यांनी लिहिलं. तिचा अंगठा घेतला. बाहेर आल्यावर सुका स्टेशनापर्यंत तिच्या पुढे पुढे चालत राहिला. रागावला होता की घाबरला होता, तिला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळलं नसावं.

त्यानंतर दर महिन्याला चौकीवर जाऊन तिला अंगठा द्यावा लागे. हवालदाराची आता ओळख झाली होती. तो वहीत लिही, 'परदेशी महिला हजर', आणि मग विचारी, "सुरमई आलीय का?" पावसाळ्यात होड्या ओढून वर ठेवल्या, नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात गेल्या. अर्जाचं उत्तर आलं नाही. धाकट्याला घेऊन झोपताना जमना त्याचा पाय आपल्या हातात धरून ठेवी. शेजारच्या बायका समजावत, अगं, तुला कोण घालवतंय. पण त्याच बायका नळावर एकमेकींना विचारत, हिला खरंच पाठवलं तर पोरांचं कोण करील.

डिसेंबरात एका सकाळी सुका बाजारातून पळतच आला. दमणमध्ये आपलं लष्कर शिरलंय, रेडिओवर सांगितलं. गावात पेढे वाटले गेले. जमनेच्याही हातावर कुणीतरी पेढा ठेवला. तिचे तिन्ही भाऊ तिकडे खाडीकाठी राहत होते. ती पेढा हातात घेऊन बसून राहिली. भाऊ सुखरूप असल्याचा निरोप चार दिवसांनी आला, तेव्हा ती आधी रडली आणि मग तो वाळलेला पेढा पोरांना वाटून दिला.

संक्रांतीनंतर सुकानं होडी काढली. या खेपेला वाटेत कुणी अडवलं नाही. पारूमावशी अंगणात जाळं विणत होती. जमनेनं कागद पुढे धरला आणि विचारलं, "मावशे, ही कोन?"

मावशीला वाचता येत नव्हतं, पण शिक्का तिनं ओळखला. हातातली गाठ तिनं पुरी केली. "पयली जमना," ती म्हणाली. "तापानं गेली. तुजी आय वरीसभर बोलली नाय. मग दोन पोरगे झाले, मग तू, तुज्यामागून धाकटा. नाव तेच ठेवायचं म्हनून आयनंच हट्ट धरला. बाप कचेरीत गेलाच नाय. म्हनला, नाव हाय तिथं लिवलेलं, पुन्यांदा कशाला?"

"मंग मी कुठंच लिवलेली नाय?"

"तू होतीस ना घरात," मावशी म्हणाली. "तुला लिवायची काय गरज?"

मावशीला घेऊनच ती दोघं परत आली आणि पालघरला गेली. गुप्त्यांसमोर नवी परिपत्रकं पडली होती आणि ते स्वतःच गोंधळलेले दिसत होते. दमणमध्ये जन्मलेली माणसं आता भारतीय धरायची असं ठरतंय, पक्का हुकूम यायचाय, ते म्हणाले. तेव्हा परदेशी पत्नीचा अर्ज चालवता येत नाही, आणि चालू असलेला अर्ज बंद कसा करायचा ते कुणी कळवलेलं नाही.

"कुठल्या दिसापासून मी हितली?" जमनेनं विचारलं.

"बहुधा डिसेंबरपासून."

"आन त्याच्या आदी बारा वर्सं?"

गुप्त्यांनी परिपत्रक उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

शेवटी त्यांनी कोऱ्या कागदावर साक्ष लिहून घ्यायचं ठरवलं. हिच्या जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस आहे, हे पुरे होईल. मावशीनं सांगितलं, वैशाख होता, मिठाच्या सत्याग्रहाच्या साली बापानं नवी होडी पाण्यात घातली त्याचं तिसरं वर्ष, नाळ मी माझ्या हातानं कापली. होडीच्या वर्षावरून गुप्त्यांनी हिशेब करून साल लिहिलं, एकोणीसशे बत्तीस. साक्षीदाराच्या रकान्यात मावशीचं नाव, वय, गाव झालं. राष्ट्रीयत्वापाशी टाक पुन्हा थांबला. मावशीनं विचारलं, "काय अडलं?" गुप्ते म्हणाले, "काही नाही," आणि त्यांनी पटकन 'भारतीय' लिहून वर टीपकागद दाबला.

जुन्या अर्जावर तांबड्या शाईत 'निकाली' असा शेरा उन्हाळ्यात पडला. मंजूर की नामंजूर, ते त्यात नव्हतं. हवालदारानं वहीतलं तिचं पान बंद केलं, तरी पुढच्या महिन्यात जमना सवयीनं चौकीवर गेली आणि दारातूनच परत फिरली.

पण साक्ष झाली त्या दिवशी तिघं पालघर स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसली होती. मावशीला पेंग आली होती. जमनेला आनंद व्हायला हवा होता. तो होतोय का, हे ती तपासून पाहत होती. नीट काही हाती लागत नव्हतं.

"बत्तीसची म्हंजे मी आता किती?" तिनं विचारलं.

सुकानं बोटं मोजली. "तीस पुरी व्हतील वैशाखात."

"मी बत्तीस-तेत्तीसची धरून चालले होते."

"मंग बरं झालं की," सुका म्हणाला आणि मावशीचं गाठोडं उचलून उभा राहिला, कारण सिग्नल पडला होता.