चाचा गेले

जर्मन 'पिराट'ला मराठीत काय म्हणतात ते दियाला मीच शिकवलं, आणि ते माझ्याच अंगाशी आलं.

फेब्रुवारीत ड्युसेलडॉर्फला कार्निवल असतो. अख्खं गाव सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतं. त्या वर्षी माझ्या नातीच्या वर्गातली निम्मी पोरं चाचे झाली होती, मग तीही झाली. डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला प्लास्टिकची तलवार आणि बगलेत लायब्ररीतून आणलेलं चाच्यांच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक. सात वर्षांची पोर. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. म्हटलं, चला, या निमित्ताने एक तरी शब्द तिच्या तोंडी बसू दे. "एक असला तर चाचा, पुष्कळ असले तर चाचे," मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि वर्गातल्या सगळ्यांना मिळून चाचाच म्हणत राहिली.

पुस्तकात हाम्बुर्गच्या एका चाच्याची गोष्ट होती. सहाशे वर्षांपूर्वी त्याचं मुंडकं उडवलं, तर म्हणे धड तसंच आपल्या साथीदारांपुढून चालत गेलं. असेल बुवा. पण पुढच्या पानावर जगाचा नकाशा, आणि त्यात आमच्या कोकण किनाऱ्यावर कवटी काढलेली. खाली नाव कान्होजी आंग्र्यांचं. माझं डोकंच फिरलं. अहो, मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल तो. त्याच्या दर्यातून जायचं तर त्याचा दस्तक घ्यायचा, एवढी साधी गोष्ट. इंग्रज बिनदस्तकाचे घुसणार, आणि याने अडवलं की हा चाचा. मी जेवताना इतक्या तावातावाने बोललो की माझा मुलगा कपिल म्हणाला, "बाबा, रुहेत्साइट सुरू झालीय. शेजारी बेल वाजवतील हं." या देशात गप्प बसायचीसुद्धा वेळ ठरलेली असते.

मी दाभोळचा. बोटीवर खलाशी म्हणून चढलो आणि सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, होऊन उतरलो. बायको गेल्यावर कपिलने मला इकडे आणलं. इथे ऱ्हाईनमधून लांबलचक बार्जेस जातात, त्या बघत मी बाकावर बसतो. नदीवरच्या बोटीला काय बोट म्हणायचं. पण डिझेलचा वास आला की बरं वाटतं, हे खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, चाचे ही काही गंमत राहिली नव्हती. सोमालियाजवळ मुनाफ कामाला होता ती बोट चाच्यांनी धरून ठेवली होती. मुनाफ म्हणजे गफूरचाचांचा धाकटा. आणि गफूरचाचा म्हणजे माझे पहिले सारंग, मला बापाच्या जागी. आमच्याच गावचे. ऐंशीच्या घरातला म्हातारा, आणि पोरगा अडकल्यापासून पेजेपलीकडे काही खात नव्हता. माझा धाकटा भाऊ भास्कर फोनवर सगळं सांगायचा. बोटीचा मालक दाद देत नव्हता. मी रोज एकच मागणं मागायचो, पोरगा येईपर्यंत म्हातारा टिकू दे.

एप्रिलमधल्या एका शनिवारी कपिल कामावर होता, सूनबाई नीता सामान आणायला गेली होती. मी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कपडे वाळत घालून वर आलो, तर दिया दारातच उभी. भास्करआजोबांचा फोन येऊन गेला, असं तिने जर्मनमध्ये सांगितलं. मग छाती पुढे काढून, चक्क मराठीत म्हणाली, "चाचा गेले."

मी तिथेच बुटांच्या स्टुलावर बसलो. "आणखी काय म्हणाले?" विचारलं, तर तिने खांदे उडवले. तिकडे खूप माणसं होती, खूप आरडाओरडा होता, बाकी काही ऐकू आलं नाही म्हणे. मी भास्करला फोन लावला. नुसता वाजत राहिला. कोण उचलणार? सगळे मोहल्ल्यात गेले असणार.

मग मी आंघोळीला गेलो. मुसलमान माणसाचं सुतक तुला कसलं, असं कुणी विचारलं असतं तर त्याच्या श्रीमुखात भडकावली असती. मी एकोणीस वर्षांचा असताना आमची बोट बिस्केच्या उपसागरात वादळात सापडली होती. पोटात पाणी ठरेना, गंज खरवडून हाताची सालटं गेलेली, त्यावर खारं पाणी. मी रडत म्हणत होतो, मला घरी सोडा. चाचांनी माझ्या गालात आमसूल कोंबलं, मला दोरीने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि रात्रभर शिव्या घालत जागं ठेवलं. म्हणाले, "नाग्या, घरचा रस्ता पण याच पाण्यातून जातो."

त्याच सफरीत हाम्बुर्गला लागलो तेव्हा कंपनीचा एजंट निरोप घेऊन आला. माझे वडील गेले होते. दिवस-कार्य सगळं उरकूनसुद्धा महिना झाला होता. जानेवारी महिना, डेकवर बर्फ. मी खुळ्यासारखा उभा राहिलो. चाचांनी इंजिनरूममधून कढत पाण्याची बादली आणवली, मला दोर ओढायच्या विंचच्या आडोशाला नेलं आणि म्हणाले, "तुमच्यात आंघोळ करतात ना? कर. मी उभा आहे." घोंगडी धरून उभे राहिले. मग स्वतःच्या हाताने भात भरवला. माझ्या बापाचं सुतक मी या देशाच्या धक्क्यावर त्या माणसामुळे फेडलं. आणि आता त्याच देशात, मुलाच्या चकचकीत बाथरूममध्ये, त्यांच्या नावाने गार पाणी अंगावर घेत मी ढसाढसा रडलो.

बाहेर आलो तर दिया माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "चाचा फार मोठा माणूस होता गं." तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिच्या जर्मनचा अर्थ मला चांगला कळला: चाचा तर वाईट असतो, गेला ते बरंच झालं. माझा तोल गेला. इतक्या जोरात ओरडलो की ती भेदरून रडायला लागली.

तेवढ्यात पिशव्या घेऊन नीता आली. "अहो बाबा, झालं काय?" मी सांगितलं, चाचा गेले. तिनेही डोळ्याला पदर लावावा तशी ओढणी लावली. मग दियाजवळ बसून तिला जर्मनमध्ये हळूहळू विचारत राहिली. मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, आल्झो... म्हणजे, ती म्हणतेय, पिराटेन गेले. समुद्रातले. चाचा म्हणजे तेच ना, असं मला विचारतेय."

भास्कर काय म्हणाला असेल? चाचे गेले, की चाचा गेले? या पोरीला एकच शब्द येतो, तोही मीच शिकवलेला. आता धड रडताही येईना आणि हसताही येईना.

नीताने चाचांच्या घरचा नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होतो. दुसऱ्याच कुणी उचलला, तर काय विचारायचं? पलीकडे कलकलाट होता. मग खोकला ऐकू आला.

"कोण? नाग्या काय?"

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"बोल की मेल्या. सोडली बोट. पळाले ते साले. भास्कर इथेच आहे, तुझ्या नातीकडे निरोप ठेवलाय म्हणाला."

मी अडखळत सगळं सांगितलं. म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला. "आंघोळ पण केलीस? मग वाढलं माझं आयुष्य."

"मुनाफशी बोलणं झालं का, चाचा?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला, कलकलाट मागे पडला.

"झालं," चाचा म्हणाले, आवाज एकदम खाली आणून. "बोटीवरूनच केला त्याने फोन. नाग्या, मी त्याला विचारलं, कोण बोलतंय म्हणून. तो अब्बा अब्बा करतोय, नाव सांगतोय, आणि मी आपला विचारतोय, कोण? पोटच्या पोराचा आवाज ओळखला नाही मी. काय केलं असेल रे त्यांनी त्याचं?"

"दर्यावरून आवाज असाच येतो, चाचा. घरी येऊ दे त्याला. जेवू दे, झोपू दे. मग ओळखाल."

"ओळखेन ना?"

सगळ्या बोटीला आवाजाने कापायला लावणारा हा माणूस, मला विचारत होता.

"ओळखाल," मी म्हटलं, आणि फोन ठेवेपर्यंत तेच म्हणत राहिलो.