मेळ्यातला परवाना

शिंपीणबाई दुपारी मशीनवर मेळ्याच्या रंगमंचाचा पडदा शिवत होत्या. पडदा एवढा मोठा, की निम्मा खाटेवर आणि उरलेला थेट दारापर्यंत. आतल्या खोलीत त्यांची मोठी जाऊ नवऱ्यासाठी भात कुस्करत होती. दीर क्लॅरिनेट वाजवायचे. वाजवायचे, असंच आता म्हणायचं.

गेल्या साली मेळ्यात पहिल्यांदाच दारूविक्रीचा परवाना निघाला. त्याआधी कित्येक वर्षं दीर दारूच्या थेंबालाही शिवले नव्हते. ती सोडताना नवराबायकोने काय सोसलं, ते त्याच घरात भिंतीपलीकडे राहणाऱ्या शिंपीणबाईंनी ऐकलं होतं. विक्रीचा तंबू पडला नेमका वादकांच्या तंबूला लागून. कलाकारांचा मान म्हणून पहिले पेले तिकडेच गेले. एका पेल्याने काय होतंय, असं कुणीतरी म्हणालं. कार्यक्रम संपल्यावर दीर रंगमंचाच्या मागच्या पायऱ्यांवरून तोंडावर पडले. पुढचे दात गेले, ओठ फाटला. ओठ शिवला, पण फुंकर धरता येईना. वाद्य सुटलं आणि दारू तेवढी घरात परत आली.

दारात मेळा समितीचे अध्यक्ष उभे राहिले. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं.

"ताई, पडदा होत आला ना? आणि उद्या पालिकेच्या बैठकीत तेवढा परवान्याला हात वर करा." शिंपीणबाई पालिकेत निवडून आल्या होत्या.

"यंदाही परवाना?"

"लोक पितातच हो. चोरून काहीबाही पिण्यापेक्षा हे बरं. माल तरी चांगला, वर पोलिसांची नजर."

माणूस वाईट नव्हता. दीर पडले तेव्हा धावत येऊन पट्टी त्यांनीच बांधली होती. म्हणूनच बोलणं जड जात होतं.

"काका, ज्याने सोडलीय त्याने मेळ्याला यायचंच नाही का?"

"मनावर ताबा हवा, ताई."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. जाऊ मात्र बाहेर आली नाही.

बैठकीत विरोधात एकच हात वर गेला. "शिंपीणबाईंचा टाका उसवला वाटतं," एक सभासद म्हणाला आणि सगळे हसले. घरी येऊन शिंपीणबाईंनी जावेला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग चूल पुसता पुसता म्हणाली, "मेळ्याला माझ्याबरोबर येशील?"

मेळ्याच्या पहिल्या दिवशी, उन्हं उतरताना, जावेने विक्रीच्या तंबूच्या तोंडाशी स्टूल टाकलं आणि ती बसली. शिंपीणबाई शेजारी उभ्या राहिल्या. जाऊ घोषणा देत नव्हती, वाट अडवत नव्हती. येणाऱ्याला फक्त विचारायची, "घरी सगळे बरे आहेत ना?" काही जण अंग चोरून आत गेले. काही जण काम आठवल्यासारखं करून वळले.

अध्यक्ष आले. "वहिनी, रीतसर परवाना आहे आपल्याकडे."

"असू दे. मी कुठे अडवतेय? जाणाऱ्याने माझ्याकडे बघून जावं, एवढंच."

ते तिच्याकडे बघू शकले नाहीत.

थोड्या वेळाने दीर आले. इस्त्रीचा सदरा, तोंडावर रुमाल. बायकोला पाहून जागच्या जागी थांबले. तिने त्यांनाही तेच विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

तंबूच्या आत पेले वाजत होते. दीर तिथेच, तिच्या पायाशी, जमिनीवर बसले.

"उद्या दुसरीकडे जातील गं," जाऊ हळूच म्हणाली. "मला काय कळत नाही?"

"मग?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"मग काय, आज बसलेत. उद्या मी पुन्हा येईन."

ती एवढी थकली होती, की बोलताना तिने डोळे मिटले होते. स्टुलावरून मात्र उठली नाही.