दोन इंच कापड

"हे काय आहे, मास्तर?"

ताईंनी पँट काउंटरवर उलटी टाकली आणि तिच्या पायाची पट्टी दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर नाचवली. गेल्या आठवड्यात मीच आखूड केलेली पँट. तुरपाई अशी, की सुलट बाजूने टाका शोधून सापडू नये. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"पँट आहे," मी म्हणालो.

"ती मलाही दिसतेय. आत हे काय कोंबलंय?"

"माया ठेवलीय, ताई. दोन इंच. उद्या मुलगा वाढला, तर सोडायला..."

"मुलगा? गिऱ्हाईक बेचाळीस वर्षांचं आहे!"

"मग धुऊन आटली तर?"

"आटली तर तो नवी घेईल! मास्तर, इथे कुणी पँट उसवून खाली सोडत नाही. कापायचं, कडेला ओव्हरलॉक मारायचं, वर घ्यायचं. किती वेळा सांगू? इस्त्री केल्यावर हा जाड पट्टा बाहेरून दिसतो. माणूस काउंटरवर येऊन ओरडून गेला माझ्यावर."

मी पँट उचलून घेतली. ताई आपल्याच भाषेच्या. तीस वर्षांपूर्वी इथे आल्या आणि कपडे दुरुस्तीचं हे दुकान त्यांनी उभं केलं. आपली भाषा बोलणारी मालकीण मिळाली, म्हणून माझी बायको किती खूश झाली होती. मला मात्र हल्ली वाटायचं, परक्या भाषेत बोलणी खाल्ली असती तर बरं झालं असतं. निम्मी कळलीच नसती.

"ही दुसरी तक्रार," ताई आवाज खाली आणून म्हणाल्या. "आधी तो स्कर्ट, आता ही. तिसरी आली तर माझे हात बांधलेले आहेत. शनिवारी तुमचे चाचणीचे तीन महिने भरतायत, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. बायको नर्स. तिच्या नोकरीच्या जोरावर आम्ही या देशात आलो. कागदांवर तिच्यापुढे तिचा हुद्दा, आणि माझ्यापुढे, तेरा वर्षांच्या मुलीपुढे जो शब्द, तोच: अवलंबित. तेवीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलेला माणूस मी, आणि सरकारी कचेरीत खिडकीमागच्या एका पोरीने माझ्याकडे न बघता तो शिक्का मारला. बायको सकाळी सहाला रुग्णालयात जायची आणि दुपारी तिथून परस्पर एका वृद्धाश्रमात दुसऱ्या पाळीला. घरी यायची तेव्हा मोज्यांच्या वर घोट्यांना वळ उठलेले असायचे. "तुमचं एकदा पक्कं होऊ दे," ती म्हणायची, "दुसऱ्या दिवशी दुपारचं काम सोडते." माझ्या तीन महिन्यांवर तिचे पाय लटकलेले होते. आणि मी मात्र बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पँटीत वाढीव कापड ठेवत होतो.

पण हाताला कोण सांगणार? कात्री लावताना माझा हात आपोआप दोन इंच अलीकडे थांबतो. माझ्या वस्तादाने पहिल्याच वर्षी हातावर फूटपट्टी मारून ते शिकवलं होतं. कापड लोकाचं असतं, कापलेलं परत जोडता येत नाही. माझ्या दुकानात एकेका पोराची पँट मी तीन-तीन वर्षं खाली सोडून दिली आहे. आयांना माहीत असायचं, मास्तरांकडे शिवलं की आत आहे. बाळंतिणीचे ब्लाउज, परगावी नोकरीला लागून अंगाने सुटलेल्या पोरांचे शर्ट, सगळ्यांना आत होतं. इथे तेच माझ्या तोंडावर फेकलं जात होतं. इथे मशीन बटणावर चालतं, माप इंचात नाही, सेंटीमीटरमध्ये, आणि कापायला कुणाला काही वाटत नाही.

नुसतं दुकानच असतं तरी चाललं असतं. या देशाने माझी जिथे तिथे शाळा घ्यायचं ठरवलं होतं. आमच्या इमारतीखाली कचऱ्याचे चार डबे, चार रंगांचे. कागद एकात, काच एकात, ओलं एकात आणि उरलेलं एकात. पहिल्या महिन्यात दारावर चिठ्ठी चिकटवलेली, वर माझ्या पिशवीचा फोटो, चोराचा लावावा तसा. मुलीने ती वाचून दाखवली आणि म्हणाली, "बाबा, तू यापुढे कचरा टाकू नकोस. मी टाकत जाईन." पिशवी कुठे टाकायची हे पोटच्या पोरीला विचारावं लागतं, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

त्या दिवशी मी घरी आलो, तर मुलगी बूट न काढता सोफ्यावर बसलेली. चेहरा पडलेला.

"काय झालं गं?"

"काही नाही."

मी पाणी पिऊन आलो तरी ती तशीच. मग एकदम पाय पुढे करून म्हणाली, "ही रेघ बघ."

तिची शाळेची पँट रविवारी मी दोन इंच खाली सोडली होती. मोठ्या हौशीने. पोरगी वाढली, आणि बापाने आत ठेवलेलं कामाला आलं, याहून दुसरं सुख काय? फक्त जुन्या घडीच्या जागी एक फिकट रेघ राहिली होती, घोट्याच्या थोडी वर, गोल. ती राहतेच. आमच्याकडे कुणाच्या पँटीला नव्हती ती रेघ?

"वर्गातल्या मुलींनी विचारलं, ही रेघ कसली," ती म्हणाली. "मी सांगितलं, डिझाइन आहे. मग त्या हसल्या. दिवसभर मी पाय बाकाखाली घेऊन बसले."

"अगं, त्यात हसण्यासारखं काय आहे? तू उंच झालीस, म्हणून..."

"बाबा, इथे कुणी असं करत नाही. तुला कळत का नाही?"

हेच वाक्य मी सकाळी ऐकलं होतं. मला तिचा राग आला, ताईंचा आला, त्या न पाहिलेल्या पोरींचा आला. पण त्या पोरींशी भांडायला जावं तर तेवढीही भाषा मला येत नव्हती. मी चहाच्या आधणाचं भांडं जोरात ओट्यावर आदळलं. बायको आली तेव्हा तिने आमच्या दोघांकडे बघितलं. ओट्यावरचं पाणी तेवढं पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कापायला लागलो. खडूची रेघ मारायची, श्वास रोखायचा आणि कात्री सरळ पुढे न्यायची. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, मिळून एकोणीस पँटी, चार स्कर्ट आणि एक पडदा. टेबलाखाली पट्ट्यांचा ढीग लागला. ताई दोनदा येऊन कडा उलटून बघून गेल्या, त्यांना पटलं असावं.

शनिवारी सकाळी एक म्हातारबाबा आले. इथलेच, काठी टेकत, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा करडा कोट. खांद्यांवर कोट बसत होता, पण खाली नुसता लोंबत होता, आत माणूस उरलाच नव्हता. ताईंनी त्यांचं ऐकून मला सांगितलं, "दोन्ही बाजूंनी आत घ्यायचाय. थांबतायत. दुसरा कोट नाही म्हणे."

मी टाचण्या लावल्या. म्हातारबाबा दाराजवळच्या खुर्चीत शर्टावरच बसले, हात काखेत घालून. मी टेबलावर कोट उलटा केला, अस्तर बाजूला केलं आणि शिवण उसवली.

आत दोन इंच कापड होतं. नीट दाबून बसवलेलं, कडेला हाताने सैल टाके घातलेले, सुताला सूत मोजून. बाहेरून कोट धुऊन धुऊन करडा झाला होता, पण आतलं कापड गर्द निळं होतं, काल ठाणातून फाडल्यासारखं. कडेला खडूची खूणही अजून राहिली होती.  तीन महिने सगळे मला सांगत होते, की इथे असं कुणी करत नाही. हा कोट शिवणारा कोण होता मग?

"ताई!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की म्हातारबाबा दचकले. "ताई, इकडे या. हे बघा. इथलाच कोट, इथल्याच शिंप्याचा. ठेवलीय की नाही त्याने?"

ताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मी नवीन आले तेव्हा पुढच्या गल्लीत एक म्हातारा शिंपी होता," त्या म्हणाल्या. "तो असं काम करायचा."

"मग?"

"मग काय? दुकान बंद झालं त्याचं." त्यांनी चष्मा परत डोक्यावर सरकवला. "दोन इंच आणखी आत घेणार म्हणजे चार होतील, कोट कमरेला फुगेल. सेंटीमीटरभर ठेवा आणि बाकी कापा."

"दोन ठेवतो ना. पातळ बसवतो. बाहेरून कळणार नाही, माझी हमी."

"मास्तर." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आज शनिवार आहे."

त्यांचं चुकत नव्हतं, यानेच मला जास्त चीड आली. म्हातारबाबा ऐंशीच्या पुढचे. ते आता कशाला अंग धरतायत? पण तो निळा रंग बघून कात्री हातात धरवेना. शेवटी मी कोट उचलला आणि म्हातारबाबांसमोर जाऊन उभा राहिलो. तीन महिन्यांत कमावलेले सगळे शब्द गोळा केले. बोटाने आतलं कापड दाखवलं आणि त्यांच्या भाषेत विचारलं, "ठेवू? कापू?"

त्यांनी वाकून पाहिलं. बोट आत घातलं आणि त्या निळ्या कापडावर बराच वेळ तसंच ठेवलं. मग ते बोलायला लागले. चांगलं मिनिटभर बोलले. मधेच हसले, मधेच दाराकडे हात केला आणि एकदा स्वतःच्या पोटावर थापटी मारली. मी ताईंकडे वळलो.

"कापा म्हणतायत," ताई म्हणाल्या. "आता मी कुठे वाढणार, म्हणतायत."

"एवढं लांब बोलले ते!"

"मुद्दा तेवढाच होता."

मुद्द्याशी मला काय करायचं होतं? मला ते बाकीचंच हवं होतं. कोट कुणी शिवला, कधी शिवला, ते त्या शिंप्याबद्दल बोलले की आणखी कुणाबद्दल. पण ताई गल्ल्याकडे गेल्या होत्या, आणि पुढचं विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते. ठेवू आणि कापू, एवढेच होते, तेही वापरून झाले होते.

मी टेबलाशी परत आलो आणि कापलं. जाड लोकर, कात्री करकरत गेली. दोन्ही बाजूंना मिळून वीतभर रुंदीच्या पट्ट्या निघाल्या, अर्ध्या करड्या, अर्ध्या निळ्या. तासाभराने म्हातारबाबांनी कोट चढवला आणि आरशासमोर ताठ उभे राहिले. कोट त्यांच्या अंगाला असा बसला, की ताईसुद्धा "वा!" म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, हलवला आणि ते काठी टेकत निघून गेले.

दुपारी ताईंनी कागद पुढे केला. "घ्या, मास्तर. पक्कं झालं." त्या मनापासून हसत होत्या. कागदावर माझ्या कामाचं नाव लिहिलं होतं, यंत्रचालक. मी म्हटलं, शिंपी लिहाल का? त्या म्हणाल्या, छापील अर्जात तो शब्दच येत नाही. मी सही केली.

बायकोने शब्द पाळला. पुढच्याच आठवड्यात तिने वृद्धाश्रमाचं काम सोडलं. सोमवारी माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. घरी आलो तर ती सोफ्यावर झोपलेली, गणवेशातच, पाय उशीवर घेऊन, तोंड थोडं उघडं. खिडकीतून तिच्यावर ऊन पडलं होतं. दुपारच्या उजेडात तिला झोपलेली मी या घरात पहिल्यांदाच पाहत होतो. मी पडदा ओढला आणि मशीनपाशी जाऊन बसलो.

थोड्या वेळाने मुलगी आली. तिच्या हातात नवीन पँट, दुकानातून आणलेली, लांब.

"बाबा, आखूड करून दे ना," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि आत काही ठेवू नकोस हं. प्लीज."

"नाही ठेवत."

तिला उभं करून मी माप घेतलं. महिन्याभरात पुन्हा बोटभर वाढली होती पोरगी. खडू मारला. हात सवयीने अलीकडे थांबला. मी तो पुढे नेला आणि कापलं. कड शिवली, इस्त्री फिरवली. तिने पँट घातली, आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि आई झोपली आहे हे विसरून टाळी वाजवली.

"बाबा! अगदी दुकानातल्यासारखी! तू आता मस्त करायला लागलास."

"आवडली ना?"

"खूपच!" ती मला बिलगली. इथे आल्यापासून माझ्या कामाचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक. ती मैत्रिणीला दाखवायला पळाली आणि मशीनखाली दोन पट्ट्या उरल्या, दोन-दोन इंच रुंद.

बायको उठायच्या आत घर आवरून ठेवावं, म्हणून मी पट्ट्या आणि बाकीचा केर घेऊन खाली गेलो. चार डबे ओळीने उभे होते. कागदाचे कपटे कागदात टाकले. दोऱ्यांचे गुंते उरलेल्यात टाकले. पट्ट्या हातात राहिल्या. कापड कशात टाकायचं, हे मुलीने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मला पुन्हा चिठ्ठी नको होती. शेजारची एक बाई आली, न बघता चार पिशव्या चार डब्यांत टाकून गेली. मी अजून थोडा वेळ उभा राहिलो. मग पट्ट्यांची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि वर आलो.