कमानीखाली

माझ्या पुस्तकात फ्रान्समधल्या नऊशे वर्षं जुन्या, यात्रेकरूंच्या चर्चचा फोटो होता. तो पाहून माझ्या वडिलांनी, गवंडी तात्यारावांनी, आमच्या झरी गावच्या वाचनालयाच्या दाराला तशीच अर्धगोल दगडी कमान बांधली. खालचा लाकडी आधार काढायच्या आधीच ते गेले.

आधार निघताना कमान बांधणाऱ्यानंच खाली उभं राहायचं, हा त्यांचा नियम होता. आता कोणी धजेना.

आई म्हणाली, "मी ऱ्हाते उभी."

"काकू, लय जड हाय ती," त्यांचा जोडीदार नागेश म्हणाला.

"हलकं काम ह्यांना कधी जमलं?"

मी आईशेजारी जाऊन उभी राहिले. नागेशनं आधाराखाली ठोकलेल्या पाचरी काढल्या, आधार खाली आला. दगड जरासे बसले आणि थांबले.

आई वर बघत म्हणाली, "आता दाराला रंग कोणता द्यायचा?"