ॲट्रिशनची एका वाक्यातून सुटका

मी एक जुना शब्द आहे. इंग्रजीतला. नाव ॲट्रिशन. मित्रांनो, माझा जन्म घासण्यातून झाला. ज्या लॅटिन शब्दापासून मी आलो, त्याचा अर्थच मुळी घासणं, झिजवणं.

हळूहळू कमी होणाऱ्या गोष्टींचं मला भारी कुतूहल. दंतवैद्यांनी मला दातांच्या झिजेसाठी बोलावलं, सेनापतींनी शत्रूला दमवत नेणाऱ्या लांबलचक युद्धांसाठी. पुढे कचेऱ्यांनी हाक मारली. तिथलं काम साधं. कुणी निवृत्त होतं, कुणी राजीनामा देतं, त्यांच्या जागी कुणालाच घेत नाहीत आणि माणसं कमी होत जातात. ती घट म्हणजे मी. एका सकाळी दहा जणांना काढलं, तर तिथे माझं काय काम?

थांबा. कुणीतरी मला टाइप करतंय.

ए. टी. टी. आर. आय.

बोटं थबकली. का बरं?

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यातल्या कारकूनबाईंची ती बोटं. मुख्य कचेरीला इंग्रजीत अहवाल पाठवायचा होता. वाक्य असं होतं: या वर्षी घासकामातली पाच माणसं ॲट्रिशनने कमी झाली.

मी वाक्यात बसून इकडेतिकडे पाहिलं. कोण हे पाच? दोघे निवृत्त झालेले, ते माझे. उरलेल्या तिघींना मात्र साहेबांनी एकाच दुपारी सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नका. त्यातली एक कारकूनबाईंची सख्खी वहिनी.

वाक्यही साहेबांचंच. "ॲट्रिशन लिहा. कानाला बरं लागतं. 'काढलं' म्हटलं की वरचे डोकं खातात."

या कारखान्याची एक रीत होती. काम घटलं म्हणून ज्यांना काढलं, त्यांना काम वाढताच आधी बोलवायचं. आपणहून गेलेल्यांना नाही. कोण कसं गेलं, हे मुख्य कचेरी अहवालावरून ठरवायची. म्हणजे मी तिथे बसून राहिलो, तर वहिनीची परतीची वाट बंद!

जेवणाच्या सुट्टीत वहिनी दारात उभी.

"वन्सं, अहवालात मी गेले, की मला घालवलं?"

"साहेबांच्या हिशेबाने तुम्ही गेलात, वहिनी."

"वा! पाय माझे आणि चालवणार साहेब!"

कारकूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी खोडायचं बटण दाबून धरलं.

ॲट्रिश

ॲट्रि



नाहीसं होताना कसं वाटतं, विचाराल? गुदगुल्या होतात.

मग मी पुन्हा उमटलो: दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, ही घट ॲट्रिशनने झाली. इथे मी ऐसपैस बसलो. खालच्या ओळीत डोकावलो. तिथे मी नव्हतो. काम घटल्यामुळे तिघींना कामावरून काढलं, एवढंच होतं.

साहेबांनी वाचलं. "बाई, मी काय सांगितलं होतं?"

"साहेब, तो शब्द आपसूक होणाऱ्या घटीचा. वरच्यांनी तिघींचे राजीनामे मागितले, तर कुठून आणू?"

"घरचं माणूस आहे म्हणून चाललंय हे सगळं."

"घरची एकच आहे, साहेब. दोघी परक्या आहेत."

साहेब पेनाचं टोपण घालत-काढत राहिले. मग सही झाली.

मित्रांनो, मला जपून वापरा. लिहिण्याआधी विचारा: ही माणसं आपापल्या कारणाने, एकेक करून गेली का? त्यांच्या जागा तशाच राहिल्या का? हो असेल, तर मी हजर. नसेल, तर सरळ साधा शब्द घ्या. मी रुसणार नाही.

संध्याकाळी वहिनीने त्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "ही आमची ना? काय म्हणते?"

"तुम्हाला काढलं, म्हणते."

"नक्की?"

"सहीनिशी."

"सुटले बाई!" वहिनी म्हणाली, आणि उरलेल्या दोघींना सांगायला धावतच निघाली.