सोपं आणि गोड

"कळलं ना, आजी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

ताईने मान हलवली. मघापासून ती हलवतच होती. कागदावर काढलेल्या हृदयाच्या चित्राला हलवली, शस्त्रक्रिया म्हटल्यावरही हलवली. शेजारच्या खुर्चीत बसलेला धाकटा भाऊ मात्र चित्र सोडून तिच्याकडेच बघत होता. ताईला एखादी गोष्ट कळली, की ती प्रश्न विचारते. मान हलवते ती नुसतं समोरच्याचं मन राखायला. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

या भावाला छापखान्यापासून वाचनालयापर्यंत सगळे 'ओळखवाले' म्हणत. एका प्रकाशकासाठी तो वर्षानुवर्षं 'पहिली ओळख' नावाच्या पातळ पुस्तिका लिहीत आला होता. विजेची ओळख, मधमाश्यांची, पुलांची, भूकंपाची. ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही, त्याच्यासाठी. "आमच्या ओळखवाल्यांची सगळ्या विषयांशी ओळख, मैत्री एकाशीही नाही," असं प्रकाशक चारचौघांत म्हणे. तोही त्यावर हसे, कारण ते खरंच होतं.

पुस्तिका हातोहात खपत, आणि त्याचं कारण घरात शिलाई मशीनवर बसलेलं असे. आई गेली तेव्हा ताईने चौथीतून शाळा सोडली आणि या पोराला कडेवर घेतलं. पुढे त्याचं लग्न झालं नाही, तिचं टिकलं नाही. दोघं एकाच घरात राहिली. ती लोकांचे कपडे शिवी, तो लिहिलेलं तिला वाचून दाखवी. मशीन चालू राहिली तर मजकूर छापायला जाई. थांबली, की ताई म्हणे, "बारक्या, हे नाही कळलं." भूकंपाच्या वेळी त्याने 'भूपृष्ठाची सापेक्ष हालचाल' असं काहीतरी लिहून आणलं होतं.

"म्हणजे जमीन सरकते का?"

"हो."

"मग सरकते म्हण की. तिला काय लाज वाटणार आहे?"

दवाखान्यातून परतताना ताई जिन्यात दोनदा थांबली. वर आल्यावर पाणी प्यायली, खिडकीपाशी बसली आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "हं, सांग आता. बाई चांगल्या आहेत गं, पण बोलतात किती भरभर." ती गप्पांत रमली की भावालाही 'गं' म्हणून जाई.

त्याने सुरुवात केली. हृदयाची पुस्तिका त्यानेच लिहिली होती, त्यामुळे शब्द तयारच होते. "हृदयात चार खोल्या असतात. रक्त एका दिशेनेच जावं म्हणून त्यांना दारं असतात. तुझं एक दार जरा आखडलंय. ते काढून नवीन बसवायचं. हल्ली रोजच करतात. थोड्या दिवसांत घरी येशील, आणि मग बघ, जिने कशी चढतेस ते."

ताईने मान हलवली.

तो बोलायचा थांबला. एवढ्या वर्षांत तिने त्याच्यासमोर अशी मान कधीच हलवली नव्हती.

"ताई, असं करू नकोस."

"मग काय करू? तू हे सोपं नाही केलंस, गोड केलंस. भूकंपाच्या पुस्तकात घरं पडतात, माणसं दबतात, हे लिहिलंस ना परक्या लोकांसाठी? मग मलाच साखरेत घोळवून का देतोस?"

तो उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडला, बंद केला. पाणी त्याला नको होतं. आपण ताईला जपत नव्हतो, आपणच त्या गोष्टीकडे बघायला घाबरत होतो, हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळून चुकलं. परत आला तेव्हा त्याने स्टूल ओढून घेतलं आणि तिच्या अगदी समोर बसला.

"दार अरुंद झालंय. रक्त बाहेर ढकलायला हृदयाला फार जोर लावावा लागतो. म्हणून धाप लागते, परवा घेरी आली तीही त्यानेच. गोळ्यांनी ते उघडणार नाही. असंच ठेवलं तर वर्ष, फार तर दोन. आणि तीही बहुतेक बसूनच काढावी लागतील."

"आणि बदललं तर?"

"छाती उघडतात. तेवढा वेळ हृदय थांबवतात, त्याचं काम एक मशीन करते."

"थांबवतात?"

"हो. नंतर परत चालू करतात."

"होतं चालू?"

"बहुतेकांचं होतं. पण तुझं वय झालंय, मूत्रपिंडंही थकलीत. डॉक्टर म्हणाल्या, अशा दहाजणांत एखादा वाचत नाही." 'दहाजणांत'पाशी तो अडखळला, पण वाक्य त्याने पुरं केलं.

ताई सावरून बसली. मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले. दुखेल किती? नवं दार कशाचं असतं? ते किती वर्षं टिकतं? माहीत होतं ते त्याने सांगितलं. नव्हतं तिथे, "हे मला माहीत नाही, विचारू या," म्हणाला.

"आणि मी तिकडे असताना तुझ्या जेवणाचं?"

"मी बघेन."

"तू काय बघणार? दूध उतू घालशील."

संध्याकाळी तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं लावून संपवली, दोरा दाताने तोडला आणि सांगून टाकलं, "करून टाकू. नुसतं बसून वाट बघणं मला नाही जमायचं."

शस्त्रक्रिया लांबली. तो दिवसभर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होता. एवढ्या विषयांवर लिहिलं, पण वाट कशी बघावी ते त्याला येत नव्हतं. दिवेलागणीला डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चालू झालंय."

काही दिवसांनी ताईला मोठ्या खोलीत हलवलं. तिथे शेजारच्या खाटेवर एक तरणी बाई होती. तिची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी व्हायची होती. सकाळी तो थर्मास घेऊन आला, तेव्हा पडद्यामागून ताईचा आवाज ऐकू आला.

"सदऱ्याचा गळा लहान बेतला, तर डोकं जातं का आत? मग माणूस ओढाताण करतं. तुझं हृदय तेच करतंय बघ. गळा काढायचा, दुसरा लावायचा."

"दुखतं का हो?"

"दुखतं. आत्ता बोलतानासुद्धा दुखतंय."

"आणि काही बरंवाईट झालं तर?"

"होऊ शकतं. तुझं वय लहान आहे, म्हणजे धोका कमी असेल. पण किती ते डॉक्टरबाईंना विचार. लाजू नकोस."

"तुम्हाला आधी माहीत होतं हे सगळं?"

"हो. भावाने सांगितलं होतं."

"आणि तरी तयार झालात?"

"सांगितलं होतं म्हणून झाले, बाई."

पलीकडून पुढचा प्रश्न आला. त्याने पडद्याला लावलेला हात काढून घेतला, थर्मास मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. आतून ताईचा आवाज येत राहिला, बारीक, दमून मध्येच थांबणारा, पण एकही वाक्य अर्धं न सोडणारा.